नंबर कितवा आहे?

जून उजाडला की माझा भाव एकदम वधारतो. एरवी वर्षभर "तो कंप्युटरवर काहीतरी करतो" एवढीच ज्याची ओळख, त्या माणसाला सीईटीचा निकाल लागला रे लागला की आत्या, मावश्या, आईच्या भिशीतल्या काकू, सोसायटीचे सेक्रेटरी, झाडून सगळ्यांचे फोन यायला लागतात. इंजिनिअर आहे, पुण्यात आयटीत आहे, म्हणजे ह्याला कॉलेजांतलं कळत असणारच! बरं, प्रश्नही ठरलेला. पूर्वी लोक विचारायचे, "कॉलेज कसं आहे रे?" आता विचारतात, "नंबर कितवा आहे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला अर्धा तास लागतो आणि तरी समाधान होत नाही. दुसऱ्याचं उत्तर दोन सेकंदांत मिळतं. रँकिंगची सगळी जादू ह्यातच आहे, असं मला वाटतं. आणि माझं मत इथेच सांगून टाकतो. बारावीनंतर इंजिनिअरिंगचं कॉलेज निवडायला ही यादी जवळजवळ निरुपयोगी आहे. "जवळजवळ" म्हणतोय, कारण यादीच्या पोटात जी माहिती दडलेली असते ती फार कामाची आहे आणि ती मात्र कोणी म्हणजे कोणी वाचत नाही. त्याबद्दल पुढे.

आपल्याकडे यादी म्हटलं की एनआयआरएफ. केंद्र सरकारने २०१५ साली ही योजना जाहीर केली आणि पहिली यादी एप्रिल २०१६ मध्ये आली. योगायोगाने मी त्याच वर्षी बारावी झालो. आमच्या बॅचला सीईटी पुन्हा सुरू झाली होती, दोनशे मार्कांची, पर्सेंटाईल वगैरे भानगड नव्हती. सायबर कॅफेत बसून ऑप्शन फॉर्म भरताना आमच्या घरात एनआयआरएफ हा शब्दही कोणी उच्चारला नाही. गेल्या वर्षीचे कटऑफ, बाबांच्या ऑफिसातल्या एका साहेबांचा मुलगा जिथे होता ते कॉलेज, आणि घरापासूनचं अंतर, एवढ्या भांडवलावर सगळा कारभार उरकला. आज त्याच घरात सगळ्यांना रँक पाठ असतात. म्हणजे नऊ-दहा वर्षांत प्रगती म्हणायची तर झाली!

आता हा नंबर येतो कुठून? इंजिनिअरिंगच्या यादीत पाच खाती असतात. शिकवणं आणि साधनं ह्यांना ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, किती विद्यार्थी पास होऊन कुठे गेले ह्याला २०, मुली, परराज्यातले आणि गरीब घरांतले विद्यार्थी किती ह्याला १०, आणि लोकांचं कॉलेजबद्दल मत काय ह्याला उरलेले १०. पाच आकडे, पाच वजनं, गुणाकार-बेरीज, मग उतरता क्रम. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम. (आमच्या टीमला दिलं तर दोन स्प्रिंट लागतील, ती गोष्ट वेगळी.)

गोम आहे ती वजनांत. संशोधनाला ३० टक्के देणं चुकीचं आहे का? मुळीच नाही. सरकारला देशातल्या संस्थांचा आढावा घ्यायचा असेल तर किती पेपर छापले, किती पेटंट मिळाली, किती पीएच्‌डी झाल्या हे बघायलाच हवं. पण एम-वनमध्ये अडकलेल्या, ड्रॉइंगच्या शीटवर गिरमिट करणाऱ्या पोराला त्या पेपरांचा उपयोग काय? त्याला हवा असतो तो तास घेणारा सर आणि चालू असलेली लॅब. तुम्हाला जे हवंय ते आणि यादी जे मोजते ते ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरासरी मात्र एकच निघते, आणि आपण ती आपल्यासाठीच काढलीय असं समजून चालतो.

वजनं बदलली की काय होतं ह्याचं एक झकास उदाहरण आहे. क्यूएस नावाची जी जागतिक यादी असते तिच्या २०२३ च्या आवृत्तीत बंगळुरूची आयआयएस्सी १५५ वी होती. २०२४ च्या आवृत्तीत ती थेट २२५ वी झाली. आणि त्याच वेळी आयआयटी मुंबई १७२ वरून १४९ वर चढली! आता ह्या एका वर्षात आयआयएस्सीतले प्राध्यापक काय संपावर गेले होते? की पवईत रातोरात काही क्रांती झाली? झालं एवढंच, की क्यूएसने सूत्र बदललं. विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती ह्याला २० टक्के वजन होतं ते १० वर आणलं, नोकरी देणाऱ्यांच्या मताला १० चे १५ केले, आणि दोन-तीन नवीन रकाने घातले. आयआयएस्सीत विद्यार्थी थोडे आणि प्राध्यापक भरपूर, त्यामुळे फटका तिला बसला. वर्तमानपत्रांनी मात्र "मुंबईची झेप" आणि "बंगळुरूची घसरण" अशा बातम्या केल्या. आमच्याकडे कॉन्फिग फाईल बदलून परफॉर्मन्स सुधारला असं कोणी म्हणालं तर रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढतात.

ही ओढाताण आयआयटींनाही नकोशी झालेली आहे. मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी आणि गुवाहाटी अशा सात आयआयटींनी २०२० साली टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत आम्ही भाग घेणार नाही असं जाहीर केलं. कारण काय, तर आकडे कसे काढता ते आम्हाला नीट कळू द्या. ज्यांच्या दारात रँक घेऊन लोक रांगा लावतात त्यांनीच रँकबद्दल असं म्हणावं, हे मला फार आवडलं होतं.

पण सूत्र बदलणं वगैरे ठीक आहे. खरा घोळ पुढे आहे, आणि आयटीत काम करणाऱ्याला तो समजावून सांगायची गरज नाही. एका प्रोजेक्टवर आमच्या मॅनेजरने ठरवलं की ज्याने जास्त बग क्लोज केले त्याचं अप्रेझल चांगलं. मग काय, दुसऱ्या आठवड्यापासून एका बगचे चार बग व्हायला लागले. स्पेलिंग चुकलं, टाक तिकीट. बटण दोन पिक्सेल सरकलं, टाक तिकीट. टेस्टर आणि डेव्हलपर चहाच्या टपरीवर बसून एकमेकांची सोय बघायला लागले. डॅशबोर्ड हिरवागार, आणि क्लायंट रोज शिव्या घालतोय! चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच ह्याला वाचा फोडली होती. त्याचा विषय चलनपुरवठा होता, पण एखाद्या मापाला तुम्ही लक्ष्य बनवलंत की ते माप म्हणून निकामी होतं, ही गोष्ट तिकिटांना आणि कॉलेजांना तेवढीच लागू पडते.

अमेरिकेतला कोलंबिया विद्यापीठाचा किस्सा ह्या बाबतीत वाचण्यासारखा आहे. यूएस न्यूजच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या नंबरावर होतं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या बरोबरीने! तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकाला, मायकल थॅडियसला, ह्याचं नवल वाटलं. त्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये बसून विद्यापीठाने यादीवाल्यांना दिलेले आकडे एकेक करून तपासले. विद्यापीठाचं म्हणणं होतं की आमच्या ८२.५ टक्के वर्गांत वीसपेक्षा कमी विद्यार्थी असतात. थॅडियसने वेळापत्रकाच्या उघड माहितीवरून मोजलं तर आकडा ६३ ते ६७ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी निघाला. असेच इतर आकडे. झालं, बोभाटा. विद्यापीठाने आपल्या काही आकड्यांत चुका असल्याचं मान्य केलं आणि सप्टेंबर २०२२ च्या यादीत कोलंबिया दुसऱ्यावरून अठराव्या नंबरावर आलं. पुढच्या वर्षी त्यांनी ह्या यादीला आकडे देणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. गंमत बघा, दुसऱ्या नंबराच्या कोलंबियात आणि अठराव्या नंबराच्या कोलंबियात शिकणारी मुलं तीच होती, शिकवणारे तेच होते. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात तर ऑनलाईन एमबीएचा नंबर वर नेण्यासाठी खोटे आकडे दिले म्हणून बिझनेस स्कूलच्या माजी डीनला २०२२ मध्ये चौदा महिन्यांची कैद झाली. कॉलेजच्या नंबरापायी तुरुंगवास. आता बोला!

आपल्याकडची परिस्थिती काय वर्णावी. मी ज्या कॉलेजात शिकलो तिथे कमिटी येणार म्हटलं की पंधरा दिवस आधी रंगाचे डबे यायचे. कुलूपबंद लॅबचं कुलूप निघायचं. आम्हाला लायब्ररीत पाळ्या लावून बसवायचे, पुस्तक उघडं ठेवून. कधी न दिसलेले दोन-तीन प्राध्यापक टाय लावून हजर व्हायचे आणि कमिटीची गाडी गेटबाहेर पडली की पुन्हा अंतर्धान पावायचे. तेव्हा आम्हाला त्याची मजा वाटायची, लेक्चर बुडतंय ना! हे रँकिंगसाठी नव्हतं, ग्रेडसाठी होतं, पण जात तीच. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीतल्या लोकांना चांगल्या ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक केली, तेव्हा आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणालाही धक्का बसला नाही. नुसते हसण्याचे इमोजी.

मग निवडायचं कशावर? इथे मी थोडं जुन्या पद्धतीच्या बाजूने बोलणार आहे. आपल्या कॅप राउंडचा कटऑफ ही माझ्या मते कुठल्याही यादीपेक्षा प्रामाणिक गोष्ट आहे. कारण तो कोणी भरून पाठवत नाही. हजारो घरांतल्या लोकांनी डोकं खाजवून, भांडून, रात्री जागून जे फॉर्म भरले त्यांची ती बेरीज असते. सीओईपीचंच घ्या. १८५४ पासूनचं कॉलेज, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ. एनआयआरएफच्या अलीकडच्या याद्यांत ते पहिल्या पन्नासातही दिसत नाही आणि दक्षिणेतली कितीतरी खाजगी डीम्ड विद्यापीठं त्याच्या वर बसलेली असतात. आता सीओईपीच्या कंप्युटरला नंबर लागलेला एक तरी मुलगा दाखवा जो ती यादी बघून सीट सोडून गेला! कॉलेजात अर्धं शिक्षण बेंचवर शेजारी बसणाऱ्याकडून होतं, आणि शेजारी कोण बसणार हे कटऑफ बरोब्बर सांगतो.

कटऑफमध्येही मेख आहे, हे मान्य. लोक गेल्या वर्षीचा कटऑफ बघून ह्या वर्षीचा फॉर्म भरतात, त्यातून ह्या वर्षीचा कटऑफ तयार होतो, तो बघून पुढच्या वर्षीचे लोक... मेंढरामागे मेंढरू. एखादं कॉलेज मधल्या काळात ढेपाळलं तरी कटऑफला ते कळायला चार-पाच वर्षं जातात. शिवाय आजकाल नावात एआय आणि डेटा सायन्स घातलं की ब्रँचचा कटऑफ आपोआप उडी मारतो, शिकवणारे सर मात्र मागच्या वर्षी जे होते तेच.

गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत हे सगळं प्रत्यक्ष करून बघायची वेळ आली. मामाने ठरवूनच टाकलं होतं. "अरे, देशात इतकावा नंबर आहे त्या युनिव्हर्सिटीचा, आपल्या इथल्या कॉलेजाचं यादीत नावसुद्धा नाही." राज्याबाहेरचं खाजगी विद्यापीठ, फी आणि हॉस्टेल धरून चार वर्षांचे वीस लाखांच्या वर, आणि त्यासाठी कर्ज. मी त्याला आधी फीचंच गणित विचारलं. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ती कॅपमधून प्रवेश घेतला तर. डीम्ड आणि खाजगी विद्यापीठं त्यात नाहीत, परराज्याचा तर प्रश्नच नाही. मामाकडे नॉन-क्रिमीलेअर होतं, उत्पन्नाचा दाखला होता. म्हणजे एका नंबरासाठी तो जवळजवळ फुकट मिळणारं शिक्षण सोडून वीस लाखांचं कर्ज काढायला निघाला होता! मामा म्हणाला, "पण नंबराचं काय?"

तेव्हा मी त्याला लॅपटॉपसमोर बसवलं आणि आम्ही नंबराच्या पोटात शिरलो. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपण भरलेली माहिती स्वतःच्या साइटवर ठेवावी लागते. यादीत खाली असलेली किंवा नाव न आलेली कॉलेजंही हे ठेवतात. शोधावी लागते, कुठल्यातरी कोपऱ्यात असते, पण असते. त्या पीडीएफमध्ये एक तक्ता आहे. अमुक साली पहिल्या वर्षाला किती विद्यार्थी घेतले, ठरलेल्या चार वर्षांत त्यातले किती पास झाले, किती नोकरीला लागले, त्यांचा मीडियन पगार किती, आणि किती पुढे शिकायला गेले. सलग तीन वर्षांचं.

मीडियन हा शब्द पकडून ठेवा. हायवेवरच्या होर्डिंगवर असतं ते "हायेस्ट पॅकेज ४४ लाख". समजा पाच पोरांना नोकऱ्या लागल्या. साडेतीन, साडेतीन, चार, साडेचार, आणि एका पठ्ठ्याला चव्वेचाळीस. सरासरी निघते ११.९ लाख, आणि जाहिरातीत छापायला ती पण छान दिसते. मीडियन मात्र चार. रांगेत मधोमध उभा असलेला पोरगा चार लाख घेऊन घरी जातो, आणि तुमचं पोर चव्वेचाळीसवालं निघण्यापेक्षा मधलं निघायची शक्यता कितीतरी जास्त आहे. (आई-वडिलांना हे सांगायला धैर्य लागतं.) फक्त एक लक्षात ठेवायचं, हा मीडियन नोकरी लागलेल्यांचाच असतो. म्हणून तो एकटा वाचायचा नाही. पास किती झाले, लागले किती, पुढे शिकायला गेले किती, आणि हे सगळं वजा जाता जे उरले ते कुठे गेले, हेही बघायचं. त्या उरलेल्यांबद्दल कुठेही काही लिहिलेलं नसतं. आणि "ठरलेल्या वेळेत पास" हा आकडा तर माझा सगळ्यात आवडता. शंभर घेतले आणि साठच वेळेत बाहेर पडले, तर बाकीच्या चाळीस घरांत काय चाललं असेल?

त्याच पीडीएफमध्ये शेवटी प्राध्यापकांची यादी असते. पदवी, अनुभव, कॉलेजात कधी लागले ती तारीख, सगळं. मामाला मी म्हटलं, नुसत्या तारखा वाच. दहा-दहा वर्षं टिकलेले लोक किती आहेत आणि गेल्या जुलैत घेतलेले किती आहेत ते मोज. मामा बँकेत क्लार्क म्हणून पंचवीस वर्षं काढलेला माणूस, त्याला हे काम एकदम पटलं. वही घेऊन बसला. दोन दिवसांनी त्याचाच फोन, "अरे, त्या पहिल्या कॉलेजाचा अर्धा स्टाफ दीड वर्षाच्या आतला आहे की!" मला जे अर्ध्या तासाच्या भाषणात सांगता आलं नसतं ते त्याला तारखांच्या रकान्याने सांगितलं.

रँकिंग अजिबातच टाकाऊ आहे असं मात्र नाही. पीएच्‌डीला किंवा संशोधनाच्या एमएसला बाहेर जायचं असेल तर कुठे काय संशोधन चाललंय हेच तुम्हाला हवं असतं. कंप्युटर सायन्ससाठी सीएसरँकिंग्ज नावाची साइट आहे, ती निवडक कॉन्फरन्सेसमध्ये कुठल्या प्राध्यापकाचे किती पेपर आले तेवढंच मोजते आणि विषयवार मोजते. ती आपण काय मोजतो ते एका वाक्यात सांगू शकते, म्हणून मला ती आवडते. आणि पहिले दहा-वीस नंबर तर यादी नसती तरी सगळ्यांना माहीत होतेच. आयआयटी मद्रास इंजिनिअरिंगमध्ये पहिल्या वर्षापासून पहिलीच आहे, त्यासाठी कोणाला यादी लागली? प्रश्न असतो तो मधल्या शेकडो कॉलेजांचा, आणि तिथे दोन शेजारच्या नंबरांमध्ये दशांश चिन्हानंतरचा फरक असतो. शंभराच्या पुढे तर एनआयआरएफवालेच १०१ ते १५०, १५१ ते २०० असे गठ्ठे देतात. म्हणजे ह्याच्यापुढे नंबर लावण्यात अर्थ नाही हे त्यांनाही कळतं.

कंपन्या तरी रँक बघतात का, हे मला हमखास विचारतात. मी तीन वर्षं आमच्या कंपनीच्या कॅम्पस पॅनलवर जातोय. एचआरची स्वतःची यादी असते, आणि ती आधी घेतलेली पोरं कशी निघाली, कॅम्पसचे प्लेसमेंट ऑफिसर फोन उचलतात का, आणि एका दिवसात जाऊन परत येता येतं का ह्यावर बनते. एनआयआरएफचा नंबर मी तिथे कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. समोर बसलेल्या पोराला आम्ही फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस ते विचारतो, आणि पहिल्या पाच मिनिटांत बरंच कळतं.

मामेबहिणीने शेवटी इथलेच पर्याय भरले. फॉर्ममध्ये तीनशे पर्याय भरता येतात, तिने एकतीस भरले. क्रम लावताना मात्र तिने आम्हाला बाजूला बसवलं, कारण २०२५ च्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर सीट आपोआप पक्की होते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातला कुठलाही, तिसरीत पहिल्या सहातला. "दादा, वरच्या सहात जे टाकीन तिथे जावंच लागणार, मग तिथे तुमचं काही चालणार नाही," असं तिने सांगून टाकलं. एक दिवस एकटीच एसटीने जाऊन दोन कॉलेजं बघून आली. मुलींचं हॉस्टेल आवारात आहे का, लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते, हे तिने तिथल्या सेकंड इयरच्या मुलींना कँटीनमध्ये गाठून विचारलं. तिसऱ्या नंबरावरचं कॉलेज तिने घरी आल्यावर नवव्यावर टाकलं. का, विचारलं तर म्हणाली, तिथे एकाही मुलीने सरांचं नाव घेऊन काही सांगितलं नाही, सगळ्या नुसतं "बरं आहे" म्हणत होत्या.